जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताय? सिरीयल नंबर सगळ्यांत शेवटी बघा

जुनी इलेक्ट्रिक गिटार घेणारे बहुतेक जण एकाच पद्धतीने फसतात. आधी रंगावर भाळतात. मग सिरीयल नंबर इंटरनेटवर टाकतात, '१९६४' असं उत्तर आलं की पैसे पाठवतात आणि गिटार घरी आल्यावर पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पाटी) उघडून आत बघतात. हा क्रम पूर्ण उलटा करायचा आहे. आधी आतलं बघायचं, मग नेक म्हणजे गिटारची मान, मग रंग. नंबरावर विश्वास सगळ्यांत कमी ठेवायचा आणि पैसे अगदी शेवटी द्यायचे.

१९७०च्या दशकात हा क्रम चालून जायचा. गिटार हातात घेऊन वाजवायची, आवडली तर न्यायची. जुनी म्हणजे तेव्हा 'वापरलेली', एवढाच अर्थ होता. चुकलं तरी नुकसान एका वापरलेल्या वाद्यापुरतं असायचं. आता सौदा फोटोंवर होतो आणि पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक आणि गुंडाळी), नेक, ट्यूनर म्हणजे तारा आवळायच्या खुंट्या, अगदी पिकगार्डचे स्क्रूसुद्धा सुटे विकले जातात. अखंड गिटारपेक्षा तिच्या सुट्या भागांची बेरीज जास्त भरते, हे लोकांच्या लक्षात आल्यापासून चांगल्या गिटारी मोडल्या जातात आणि त्यांच्या तुकड्यांतून जुळवलेल्या गिटारी 'मूळ' म्हणून बाजारात येतात. म्हणून आज 'ही गिटार किती जुनी?' असं विचारून भागत नाही. 'हिचे सगळे भाग एकाच वेळी एकत्र आले होते का?' हे विचारावं लागतं.

१. आधी ठरवा: वाजवायची की सांभाळायची

हे ठरवल्याशिवाय एकही जाहिरात उघडू नका. वाजवायची असेल, तर 'प्लेअर ग्रेड' गिटार बघा. तिचा रंग नव्याने दिलेला असेल, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदललेले असतील, एखादा पिकअप नवा असेल. संग्रहासाठी हवी असेल, तर प्रत्येक फेरफाराचे पैसे वजा करायचे.

व्यवहारातला ढोबळ हिशेब असा आहे: पूर्ण रंग बदललेली म्हणजे 'रिफिन' गिटार मूळ रंगाच्या गिटारच्या निम्म्या किमतीच्या आसपास येते. तुटून जोडलेल्या हेडस्टॉकचंही, म्हणजे खुंट्या असलेल्या नेकच्या टोकाचंही, साधारण तसंच. फ्रेट बदललेले असतील तर मात्र फार रडू नका. साठ वर्षं वाजलेल्या गिटारचे फ्रेट बदलावेच लागतात.

मूळपणाचं हे वेड पूर्वी नव्हतं. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये फेंडर कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या, काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींमधले उत्तम भाग काढून एक गिटार जुळवली. तीच 'ब्लॅकी'. २००४च्या लिलावात ती साडेनऊ लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेली. क्लॅप्टनचं नाव काढून टाकलं, तर आजच्या बाजारात ती 'जुळवलेली गिटार' या खान्यात पडेल. तुमच्या गिटारला क्लॅप्टनचं नाव नाही, हे लक्षात ठेवून भाव करा.

२. एका वर्षाचा तक्ता बनवा

'मला जुनी स्ट्रॅट हवी' एवढ्यावर खरेदीला निघू नका. जे वर्ष सांगितलं जातंय, त्या वर्षी त्या मॉडेलवर काय असायला हवं, हे आधी कागदावर लिहून काढा.

फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं उदाहरण घ्या. ती १९५४ मध्ये आली तेव्हा नेक पूर्ण मेपलचा होता. १९५९ मध्ये त्यावर फ्रेटबोर्ड म्हणजे बोटं ठेवायची रोझवुडची जाड, सपाट तळाची पट्टी आली आणि १९६२च्या मध्यावर तिची जागा पातळ, वाकवलेल्या पट्टीने घेतली. फ्रेटबोर्डवरचे मातकट ठिपके १९६४ संपता-संपता शिंपल्यासारखे चमकदार झाले. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली. त्याच वर्षाच्या अखेरीपासून हेडस्टॉक मोठा झाला, १९६८ मध्ये जाड पॉलिएस्टर फिनिश आलं आणि १९७१ मध्ये चारऐवजी तीन बोल्टचा नेक आला.

गिब्सन लेस पॉलची कुंडली वेगळी. १९५२ मध्ये एका गुंडाळीचे पी-९० पिकअप, १९५७ मध्ये दोन गुंडाळ्यांचे हंबकर, १९५८ ते १९६० सनबर्स्ट. १९६१ मध्ये आकारच बदलून आज आपण ज्याला एसजी म्हणतो तो आला आणि जुना आकार १९६८ मध्ये परतला.

सावधान: हे बदल १ जानेवारीला सकाळी झाले नाहीत. कारखान्यात उरलेला माल संपेपर्यंत वापरला जायचा, त्यामुळे नव्या वर्षाच्या गिटारवर जुना भाग सापडणं स्वाभाविक आहे. जुन्या वर्षाच्या गिटारवर पुढच्या दशकातला भाग मात्र कारखान्यात लागूच शकत नाही. तो नंतर कोणीतरी बसवलेला असतो.

३. गिटार कुठल्या दशकांतून आली, ते विचारा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. खरं तर काय शोधायचं, ते इथेच कळतं. प्रत्येक दशकातल्या मालकाने आपल्या सवयीप्रमाणे गिटारवर हात चालवलेला असतो.

१९७०च्या दशकातल्या मालकाला जास्त दणका हवा होता. त्याने पिकअप काढून डिमार्झिओ कंपनीचे बसवले, स्ट्रॅटच्या लाकडात हंबकरसाठी खाच कोरली, रंग खरवडून लाकूड उघडं केलं. १९८०च्या दशकात लॉकिंग ट्रेमोलोसाठी (तारा घट्ट पकडून दांड्याने सूर हलवणाऱ्या यंत्रणेसाठी) बॉडी पोखरली गेली आणि नटच्या, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे भोकं पडली. १९९०च्या दशकात जुन्या गिटारला मोल आलं, तसं हे सगळं लपवणंही सुरू झालं: खाचा भरल्या, भोकं बुजवली, वर जुनाट दिसणारा रंग दिला. १९९५ पासून फेंडरने स्वतःच मुद्दाम झिजवलेल्या 'रेलिक' गिटारी विकायला काढल्या, त्यामुळे झीज बघून वय सांगण्यात अर्थ उरला नाही. २००० नंतर ऑनलाइन बाजाराने सुट्या भागांचा धंदा वाढवला.

म्हणून विकणाऱ्याला विचारा: तुमच्याकडे कधीपासून आहे, आधीचा मालक काय वाजवायचा? 'चाळीस वर्षं पलंगाखाली पडून होती' हे वाक्य कानावर आलं की जरा सावरून बसा. ते खरं असेलही, पण जवळपास प्रत्येक संशयास्पद गिटार त्याच पलंगाखालून निघालेली असते.

जाता जाता एक: जपानी गिटारच्या जाहिरातीत 'लॉसूट' (खटला) शब्द दिसला, तर त्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने हेडस्टॉकच्या आकारावरून इबानेझच्या अमेरिकी वितरकावर खटला भरला होता. टोकाई, ग्रेको वगैरे जपानी गिटारी उत्तम असतील, पण तो खटला त्यांच्यावर नव्हता. त्यांना ही चिठ्ठी विकणाऱ्यांनी चिकटवली आहे.

४. फोटो मागवा, पण नेमके

'आणखी फोटो पाठवा' असं म्हटलं की समोरून त्याच बाजूचे पाच फोटो येतात. यादी करून मागा:

- पिकगार्ड उलटून आतली सगळी वायरिंग. गिब्सन असेल तर मागची झाकणं काढून
- प्रत्येक पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचे आकडे, वाचता येतील इतक्या जवळून
- पिकअपची खालची बाजू
- नेक काढता येत असेल, तर त्याचं टोक आणि बॉडीतली खाच
- हेडस्टॉक पुढून, मागून आणि नटच्या मागची जागा तिरप्या उजेडात
- फ्रेट बाजूने
- ट्यूनरच्या मागे जुन्या स्क्रूच्या खुणा

पिकगार्ड उलटायला डाख काढावा लागत नाही, म्हणून ही मागणी अवाजवी नाही. गिब्सनच्या हंबकरचं धातूचं आवरण मात्र कधीही काढायला सांगू नका. त्याचा मूळ डाख शाबूत असणं हाच पुरावा असतो आणि तो तुमच्याच हट्टापायी नष्ट होईल.

तपासा: आतले फोटो द्यायला नकार मिळाला, तर गिटार फेरफार झालेली आहे असं धरून भाव सांगा. पटलं नाही तर उठा.

५. उघडल्यावर: पॉट, डाख, पिकअप

घाई करायची नाही ती इथे. गिटारची खरी जन्मपत्रिका व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटच्या पाठीवर असते. आकडे साधे असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. पुढे वर्ष आणि शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. '३०४६३२०' दिसलं तर स्टॅकपोल, १९६३, विसावा आठवडा. पन्नासच्या दशकात वर्षाचा एकच आकडा असायचा, त्यामुळे '३०४९१५' म्हणजे १९५९चा पंधरावा आठवडा.

इथे एक गफलत नेहमी होते. पॉटची तारीख म्हणजे गिटारची तारीख नव्हे. ती फक्त एवढंच सांगते की गिटार त्याआधी बनलेली असू शकत नाही. पॉट येऊन काही महिने खोक्यात पडून राहायचे. फेंडरने १९६६ मध्ये तर इतके पॉट घेऊन ठेवले, की १९६६च्या तारखेचे पॉट १९६९च्या गिटारमध्येही सापडतात. उलट '१९६३ची' म्हणून दाखवलेल्या गिटारमध्ये १९६६चे पॉट सापडले, तर एक तर पॉट बदललेत किंवा वर्ष खोटं आहे.

आता डाख. कारखान्यातला जुना डाख मळकट करडा आणि साधारण एकसारखा दिसतो. नवा डाख चकचकीत गोळ्यासारखा उठून दिसतो, भोवती तपकिरी चिकट डाग असतात, शेजारी वायरचं आवरण वितळलेलं असतं. पॉटच्या पाठीवर डाखाचा एखादा रिकामा ठसा दिसला, की तिथे पूर्वी काहीतरी जोडलेलं होतं आणि आता नाही. पन्नास-साठच्या दशकातल्या वायरला कापडी आवरण असतं. मधेच प्लास्टिकची एक रंगीत वायर दिसली, तर तिचा माग काढत जा. ती थेट बदललेल्या भागापाशी नेऊन सोडते.

पिकअपसाठी मल्टिमीटर पुरतो. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, एक पिकअप निवडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकावर रोध मोजा. जुन्या स्ट्रॅटचा पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो, सुरुवातीचे गिब्सन हंबकर सात ते नऊच्या आसपास. त्याऐवजी आकडा अडीचशे किंवा पाचशे किलोओहमपर्यंत गेला, तर गुंडाळीची तार तुटली आहे आणि तुम्ही नुसता पॉट मोजताय. गुंडाळी नव्याने भरता येते, पण मग तो पिकअप 'मूळ' राहत नाही.

गिब्सनच्या १९५७ पासूनच्या हंबकरखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' (पेटंटसाठी अर्ज केला आहे) अशी काळी चिठ्ठी असे, म्हणून त्यांना पीएएफ म्हणतात. ही चिठ्ठी छापून मिळते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. नंतरच्या चिठ्ठीवर २,७३७,८४२ हा पेटंट क्रमांक आला आणि तो पिकअपचा नाहीच, लेस पॉलच्या टेलपीसचा (तारा अडकवायच्या भागाचा) आहे. त्यामुळे 'क्रमांक चुकीचा, म्हणजे पिकअप नकली' असं कोणी छातीठोक सांगितलं, तर हसून सोडून द्या.

६. नेक, आणि आता कुठे सिरीयल नंबर

फेंडरचा नेक चार किंवा तीन स्क्रूंवर असतो. तारा सैल करा, हाताच्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढा. ड्रिल मशीन लावू नका, जुन्या लाकडातले आटे जातात. नेकच्या बॉडीकडच्या टोकाला १९६२च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलने तारीख असते, पुढे शिक्का. साठच्या दशकातल्या शिक्क्यात '२', मग महिना, मग '६३' आणि 'बी' दिसलं, की लोक '२ तारीख' असं वाचतात. तो २ स्ट्रॅटोकास्टरचा सांकेतिक आकडा आहे आणि 'बी' म्हणजे नटची रुंदी. खाचेत कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सापडला तर घाबरू नका, नेकचा कोन साधायला तो ठेवतात.

आता नंबर. १९७६ पर्यंत फेंडरचा नंबर नेकमागच्या धातूच्या पट्टीवर असे. ती पट्टी दोन मिनिटांत बदलता येते, म्हणजे नंबर फक्त पट्टीचं वय सांगतो. १९७६ नंतर तो हेडस्टॉकवर गेला, म्हणजे फक्त नेकचं वय सांगतो. मी स्वतः एकदा हेडस्टॉकवरचा 'एस'ने सुरू होणारा, म्हणजे सत्तरच्या दशकातला, नंबर बघून गिटार घेतली. नेक १९७८चा होता, बॉडी बरीच नंतरची आणि तीनपैकी दोन पॉट नव्वदच्या दशकातले. विकणाऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी नंबर विचारला, त्याने नंबर दिला.

गिब्सनमध्ये घोळ आणखी मोठा. १९६० आणि ७०च्या दशकांतले सहा आकडी नंबर पुन्हा पुन्हा वापरले गेले, त्यामुळे एकच नंबर १९६४चाही असू शकतो आणि १९७०च्या पुढचाही. इथे दोन गोष्टी बघा. हेडस्टॉकमागे 'मेड इन यूएसए' ठोकलेलं असेल, तर १९६४ विसरा. हा ठसा १९७० पासून नियमाने येतो. दुसरं, नटची रुंदी मोजा. १९६५च्या सुमारास ती त्रेचाळीस मिलिमीटरवरून चाळीसच्या आसपास आली. १९७७ नंतरचा आठ आकडी नंबर मात्र सरळ आहे: पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून वर्षातला दिवस. ८२७६५०१२ म्हणजे १९८५चा २७६वा दिवस.

सावधान: नंबर हा साक्षीदारांपैकी एक. पॉट, नेक आणि रंग यांच्याशी त्याची साक्ष जुळली नाही, तर नंबरलाच खोटं ठरवा.

७. रंग

खोली पूर्ण अंधारी करा आणि अतिनील टॉर्च मारा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळं चमकतं. नंतर मारलेला रंग त्यात काळपट-जांभळा डाग होऊन दिसतो. बुजवलेली भोकं, जोडलेला हेडस्टॉक आणि ठिगळं इथे पकडली जातात. पॉलिशचे थर आणि सिगारेटचा धूर यांमुळेही फरक पडतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

साठच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतच्या फेंडर बॉडीत पिकगार्डखाली खिळ्यांची बारीक भोकं असतात. रंग देताना बॉडी खिळ्यांवर टेकवायचे आणि रंग झाल्यावर खिळे उपटायचे. म्हणून त्या भोकांच्या आत रंग नसावा. असला, तर बॉडी पुन्हा रंगवली आहे.

लॅकरला पडलेल्या बारीक भेगाही बघा. खऱ्या भेगा मनाला येईल तशा धावतात. पात्याने ओढलेल्या सरळ, समांतर आणि एकमेकींना छेदणाऱ्या असतात.

८. सांगाडा आणि वाजवणं

गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला, लाकूड महोगनी आणि ट्रसरॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या) चाकीसाठी नेमकं तिथेच लाकूड कोरलेलं. गिटार स्टँडसकट पडली की तिथेच तडकते. नटमागे नखाने हळू चाचपा, उजेड तिरपा धरा.

ट्रसरॉड थोडा फिरतोय का? पूर्ण आवळलेला असेल आणि नेक तरी वाकलेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. जुन्या गिब्सनच्या बाइंडिंगवर, म्हणजे नेकच्या कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीवर, प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी छोटा उंचवटा असतो. तो तासलेला असेल तर फ्रेट बदललेत. फ्रेट किती उरलेत, खुंट्या घसरतात का, एवढं बघा आणि मग, आत्ता कुठे, गिटार वाजवा. दुरून घेत असाल तर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवलेला व्हिडिओ मागा.

९. भाव

जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. त्याच वर्षाच्या, तशाच अवस्थेतल्या गिटारी प्रत्यक्षात केवढ्याला विकल्या गेल्या तेच बघा. २००८च्या मंदीत चढ्या भावात घेतलेल्यांचे हात पोळले होते, तेव्हा 'जुन्या गिटारचा भाव कधी उतरत नाही' हे वाक्य कानाआड करा.

१०. कागद, पाठवणी, पेटी

गिटार देशाबाहेरून येणार असेल, तर पैसे देण्याआधी फ्रेटबोर्डचं लाकूड विचारा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गिटारींवर ब्राझिलियन रोझवुड आहे आणि ते १९९२ पासून सायटीस (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०१७ मध्ये रोझवुडच्या इतर जातींवरही बंधनं आली आणि २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला ती सूट नाही. परवाना नसेल तर गिटार सीमाशुल्क विभागात अडकते. 'बघू नंतर' म्हणणाऱ्या विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

पाठवताना तारा थोड्या सैल, पूर्ण काढलेल्या नकोत. केसच्या आत हेडस्टॉकखाली आणि आजूबाजूला भर हवी, केस खोक्यात हलता कामा नये. पावतीवर वर्ष, मूळ भाग आणि बदललेले भाग लिहून घ्या. पुढे वाद झालाच, तर तोंडी बोलणं उपयोगी पडत नाही.

खोकं आलं की लगेच उघडायचा मोह होतो. प्रवास थंडीतून झाला असेल, तर केस एक दिवस बंदच राहू द्या. गार लॅकरला एकदम ऊब लागली की त्यावर तडे जातात आणि साठ वर्षं टिकलेला रंग तुमच्या डोळ्यांदेखत फुटतो. उघडताना व्हिडिओ काढा. परत करण्याची मुदत संपायच्या आत पिकगार्ड पुन्हा उलटा आणि आलेल्या फोटोंशी पॉटचे आकडे, डाखाचे ठिपके, लाकडाच्या रेषा ताडून बघा. गिटार रबरी स्टँडवर टेकवू नका, लॅकर रबराला चिकटून मऊ पडतं. आणि पुढेमागे एखादा भाग बदललात, तर काढलेला जुना भाग स्क्रूसकट पिशवीत घालून, वर तारीख लिहून, केसमध्येच ठेवा.